सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला जाताना: विद्यार्थी व्हिसाबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांची अमेरिकेतली फी आणि राहण्याचा खर्च पूर्ण किंवा काही प्रमाणात केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा एखादे सरकारी खाते उचलणार आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. स्वतःच्या पैशावर किंवा बँकेच्या कर्जावर जाणाऱ्यांचे बरेच नियम हेच असले तरी सरकारी पैसा आला की दोन-तीन गोष्टी मुळातूनच बदलतात. त्या वेळेवर कळल्या नाहीत तर पुढे चार-पाच वर्षांनी त्रास होतो.

सरकारी शिष्यवृत्ती मिळालेल्यांसाठी वेगळा व्हिसा असतो का?

नाही. व्हिसा दोनपैकी एकच, एफ-१ (नेहमीचा विद्यार्थी व्हिसा) किंवा जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीचा व्हिसा). व्हिसासाठी विद्यापीठ एक पात्रता कागद पाठवते: आय-२० पाठवला तर एफ-१ आणि डीएस-२०१९ पाठवला तर जे-१. म्हणजे व्हिसाचा प्रकार वकिलातीत ठरत नाही. विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय कागद बनवते तिथेच तो ठरून जातो. काही विद्यापीठे सरकारी अर्थसाहाय्याचे पत्र दिसले की न विचारता डीएस-२०१९ काढतात, काही सगळ्यांना सरसकट आय-२० देतात. म्हणून पत्र पाठवण्याआधीच आपल्याला कोणता कागद हवा हे ईमेलवर स्पष्ट लिहून विचारा.

मी सरकारी नोकरीत आहे आणि पगारी अध्ययन रजेवर जातोय. मला ए व्हिसा मिळेल का?

नाही. ए प्रकारचे व्हिसा सरकारचे अधिकृत काम करायला जाणाऱ्यांसाठी आहेत. पदवीसाठी वर्गात बसणे हे सरकारी काम धरले जात नाही, मग पगार चालू असो वा नसो. एफ-१ किंवा जे-१ हाच मार्ग.

मग एफ-१ घ्यावा की जे-१?

शिष्यवृत्तीच्या नियमात जे-१ सक्तीचा असेल (अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीत तो असतोच) तर प्रश्नच मिटला. निवड तुमच्या हातात असेल तर मात्र घाईने उत्तर देऊ नका.

जे-१ चे फायदे खरे आहेत. पती किंवा पत्नीला जे-२ वर कामाचा परवाना मागता येतो. एफ-२ वर काम अजिबात करता येत नाही आणि पदवीचे पूर्णवेळ शिक्षणही घेता येत नाही. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संगणकप्रणालीची) फीही कमी आहे, जे-१ ला २२० डॉलर आणि एफ-१ ला ३५०. पीएचडी झालेल्यांना ‘ॲकॅडमिक ट्रेनिंग’ म्हणून ३६ महिन्यांपर्यंत काम करता येऊ शकते.

पण सरकारी पैशावर जे-१ घेतला की अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २१२(ई) लागू होते, म्हणजे शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट. एफ-१ ला हे कलम लागत नाही, पैसे सरकारचे असले तरीही. जो पदवी घेऊन परतणार हे नक्की आहे आणि ज्याला जोडीदाराला बरोबर न्यायचे आहे, त्याला जे-१ सोयीचा पडतो. ज्याचे पुढचे ठरलेले नाही त्याने, विद्यापीठ देत असेल तर, आय-२० मागावा, असे आमचे मत. डीएस-२०१९ वर एकदा अमेरिकेत गेल्यावर ही अट केवळ व्हिसा बदलून सुटत नाही.

दोन वर्षांची अट नेमकी काय अडवते?

लोक समजतात की दोन वर्षे अमेरिकेत पाऊलच ठेवता येत नाही. तसे नाही. या काळात पर्यटक म्हणून जाता येते, परिषदेला जाता येते, नव्या अभ्यासक्रमासाठी भारतातून पुन्हा एफ-१ किंवा जे-१ सुद्धा मागता येतो. अडतात त्या ठरावीक गोष्टी: नोकरीचा एच-१बी आणि इतर एच व्हिसा, कंपनीच्या बदलीचा एल व्हिसा, अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदाराचा के व्हिसा, आणि ग्रीन कार्ड. शिवाय अमेरिकेत राहूनच जे-१ वरून दुसऱ्या प्रकारात जाण्याची वाटही जवळपास बंद होते. ओ-१ हा विशेष प्रावीण्याचा व्हिसा या यादीत नाही. तो देशाबाहेरच्या वकिलातीतून घेता येतो, मात्र त्याने दोन वर्षांची अट संपत नाही, फक्त पुढे ढकलली जाते.

दोन वर्षे सलग असावी लागत नाहीत. तुकड्या-तुकड्यांनी मिळून २४ महिने भरले तरी चालते. पण ती त्याच देशात भरावी लागतात ज्या देशाचे नागरिकत्व किंवा कायमचे वास्तव्य जे-१ घेताना तुमच्याकडे होते. दुबईत किंवा सिंगापूरमध्ये काढलेली दोन वर्षे भारतीय विद्यार्थ्याला कामी येत नाहीत.

भारताचे नाव यादीतून काढले असे वाचले. मग ही अट गेली ना?

या गैरसमजाने बरेच जण तोंडघशी पडतात. २१२(ई) लागू होण्याची कारणे तीन आहेत: सरकारी पैसा, ‘स्किल्स लिस्ट’ म्हणजे देशाला गरज असलेल्या विषयांची यादी, आणि डॉक्टरांचे अमेरिकेतले वैद्यकीय प्रशिक्षण. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या यादीतून भारत वगळला गेला, त्यामुळे फक्त विषयामुळे अडकलेले हजारो भारतीय सुटले. सरकारी पैशाचे कारण जसेच्या तसे आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या शिष्यवृत्तीवर जे-१ घेणाऱ्याला त्या बदलाचा काही उपयोग नाही.

सरकार फक्त विमानभाडे देणार आहे, बाकी खर्च माझा. तरी अट लागेल?

जे-१ असेल तर लागू शकते. कायद्याचे शब्द ‘पूर्णतः किंवा अंशतः’ आणि ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे आहेत. रकमेला किमान मर्यादा नाही. अप्रत्यक्ष म्हणजे सरकारने शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी एखाद्या संस्थेला पैसा दिला आणि त्यातून तुमचा खर्च झाला असा प्रकार. शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती असून पुढची वर्षे तुम्ही घरच्या पैशावर काढलीत, तरी त्या पहिल्या वर्षामुळे लागलेली अट निघत नाही.

अट लागली की नाही हे कागदावर कुठे दिसते?

डीएस-२०१९ हाती आला की पाचवा रकाना आधी वाचा. तिथे खर्च कोण करणार याची फोड असते: विद्यापीठ, अमेरिकेचे सरकार, आंतरराष्ट्रीय संस्था, तुमच्या देशाचे सरकार, इतर संस्था, वैयक्तिक पैसा. ‘तुमच्या देशाचे सरकार’ या ओळीसमोर रक्कम दिसली की अट लागणार असे धरून चाला. उलट, शिष्यवृत्ती सरकारची असून रक्कम चुकून ‘इतर संस्था’ किंवा ‘वैयक्तिक’ खाली पडली असेल तर ती लगेच दुरुस्त करून घ्या. अशा चुकीने अट टळत नाही, उलट पुढे माहिती लपवल्याचा संशय येतो.

कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात व्हिसा अधिकारी आपला शेरा भरतो, अट लागू आहे की नाही आणि असल्यास सरकारी पैसा, स्किल्स लिस्ट की वैद्यकीय प्रशिक्षण. व्हिसाच्या स्टिकरवरही तशी ओळ छापली जाते. मात्र हा शेरा प्राथमिक असतो आणि अधिकाऱ्यांच्या हातून चुकाही होतात. अंतिम मत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे. शंका असेल तर त्यांच्याकडे ‘ॲडव्हायझरी ओपिनियन’ मागता येते. त्यासाठी आजवरचे सगळे डीएस-२०१९ जोडावे लागतात, म्हणून एकही प्रत टाकू नका.

विद्यापीठाला द्यायच्या सरकारी हमीपत्रात काय काय हवे?

कागद परत येण्याचे सर्वांत मोठे कारण हे पत्रच. आपल्याकडचा निवड आदेश किंवा शासन निर्णय हा अंतर्गत वापरासाठी लिहिलेला असतो: पन्नास नावांची यादी, योजनेचा संदर्भ क्रमांक, अटी व शर्ती, आणि बऱ्याचदा मराठीत किंवा हिंदीत. अमेरिकन विद्यापीठाला त्यातून एकच गोष्ट शोधायची असते: या विद्यार्थ्याचे किती पैसे, किती काळ, कोण देणार. ती सापडली नाही की ते पत्र बाजूला ठेवतात.

खात्याच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, तुमच्या एकट्याच्या नावाने पत्र मागा. नाव पासपोर्टवर आहे तसेच हवे, आडनावाच्या क्रमासकट. त्यात जन्मतारीख, विद्यापीठाचे नाव, पदवीचा स्तर आणि विषय, अर्थसाहाय्य सुरू होण्याची व संपण्याची तारीख यावी. मग पैशाचा मुद्दा: फी पूर्ण देणार की ठरावीक मर्यादेपर्यंत, निर्वाहभत्ता वर्षाला किती डॉलर, आरोग्य विमा धरला आहे का, कुटुंबाचा खर्च धरला आहे का. ‘नियमानुसार देय रक्कम अदा केली जाईल’ हे वाक्य आपल्या कार्यालयांचे आवडते आहे आणि तिथे ते अगदी निरुपयोगी ठरते. आकडा हवा. शेवटी सही, शिक्का, तारीख, आणि बिल कोणाला पाठवायचे त्या अधिकाऱ्याचे पद व कार्यालयीन ईमेल.

बिलाचा ईमेल वगळू नका. सरकार थेट फी भरणार असेल तर विद्यापीठ तुमच्या खात्यावर ‘थर्ड पार्टी बिलिंग’ सुरू करते आणि बिल परस्पर तिकडे जाते. त्याचबरोबर तुमचे गुण व हजेरी सरकारला कळवण्याची लेखी संमती तुम्हाला विद्यापीठाकडे द्यावी लागते. अमेरिकेतल्या गोपनीयता कायद्यामुळे तुमच्या सहीशिवाय विद्यापीठ स्पॉन्सरलाही निकाल सांगत नाही. संमती राहिली की प्रगती अहवाल जात नाही, आणि अहवाल नाही म्हणून इकडे पुढचा हप्ता अडतो.

शिष्यवृत्तीची रक्कम विद्यापीठाच्या अंदाजपत्रकापेक्षा कमी पडते. मग?

हे नेहमीचेच. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत किंवा महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अमेरिकेसाठी निर्वाहभत्ता, समजा, वर्षाला १५,४०० डॉलर धरला आहे. मोठ्या शहरातले विद्यापीठ राहण्या-खाण्याचा अंदाज वर्षाला २५,००० डॉलरच्या आसपास लावत असेल तर ९,६०० डॉलरची तफावत उरते. ती तुम्हाला दाखवावी लागते: स्वतःच्या किंवा पालकांच्या खात्यातली शिल्लक, शैक्षणिक कर्जमंजुरी, किंवा विद्यापीठाची असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याचे पगारी काम). विद्यापीठ ही तफावत भरून निघाल्याशिवाय आय-२० देत नाही.

असिस्टंटशिप घेताना शिष्यवृत्तीचा जीआर पुन्हा वाचा. काही योजनांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमाई झाली की भत्त्यातून तेवढी कपात होते.

सरकारी विद्यार्थ्याला व्हिसाची फी माफ असते असे ऐकले. खरे का?

ही सवलत अमेरिकेच्या सरकारने पैसे दिलेल्या ठरावीक जे-१ कार्यक्रमांना आहे. त्यांचा कार्यक्रम क्रमांक जी अक्षराने सुरू होतो. आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीला ती मिळत नाही. १८५ डॉलर व्हिसा अर्जाचे, आणि त्याशिवाय आय-९०१ फॉर्म भरून सेव्हिसचे २२० किंवा ३५०. सेव्हिसची फी मुलाखतीआधी भरलेली असावी आणि तिची पावती जवळ असावी. काही योजना हा खर्च नंतर परत देतात, तेव्हा पावत्या तुमच्याच नावाने असू द्या. आय-२० घेऊन मग डीएस-२०१९ कडे वळलात तर सेव्हिस क्रमांक नवा आणि फीसुद्धा नव्याने.

डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जात ‘खर्च कोण करणार’ इथे काय लिहायचे?

‘इतर कंपनी किंवा संस्था’ हा पर्याय निवडा आणि पुढे खात्याचे पूर्ण नाव व पत्ता द्या. ‘स्वतः’ निवडून मुलाखतीत सरकारी पत्र पुढे केले की अर्ज आणि बोलणे जुळत नाही. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितले जाते, आणि मागच्या पाच वर्षांत वापरलेली खाती अर्जात लिहावी लागतात.

सरकार पाठवते आहे म्हटल्यावर मुलाखतीत व्हिसा नाकारतील का?

नाकारू शकतात. सरकारी निवडीमुळे पैशाचा मुद्दा भक्कम होतो आणि परतण्याचे कारणही दिसते, पण कलम २१४(बी), म्हणजे परत येणार हे अर्जदारानेच पटवून द्यायचे हा नियम, सगळ्यांनाच लागू आहे. अधिकाऱ्यापुढे उभे राहायला मिळतात ती मोजकी मिनिटे, त्यात जाडजूड फाइल उघडली जात नाही. वर हमीपत्र, त्याखाली आय-२० किंवा डीएस-२०१९ आणि सेव्हिसची पावती, मग प्रवेशपत्र आणि बाँडची, म्हणजे शिष्यवृत्तीसाठी सरकारशी केलेल्या कराराची प्रत. बाँड मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. परत येऊन काय करणार, या प्रश्नाला शिष्यवृत्तीच्या अटीचा आधार घेऊन एका वाक्यात उत्तर तयार ठेवा.

संवेदनशील तंत्रज्ञानाच्या विषयांत कलम २२१(जी) खाली व्हिसा थांबवून जास्तीची तपासणी केली जाऊ शकते. ती किती दिवस चालेल याचा भरवसा नाही. विषय त्या प्रकारचा असेल तर मुलाखत लवकरात लवकर घ्या. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत व्हिसा दिला जाऊ शकतो, प्रवेश मात्र सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांतच.

सरकारचा फीचा हप्ता उशिरा आला तर व्हिसाला धोका आहे का?

आहे, आणि तो कसा येतो ते पाहा.

अमेरिकेत सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होते. तोवर फी जमा झाली नाही की विद्यापीठाची संगणकप्रणाली खात्यावर ‘होल्ड’ टाकते. होल्ड असताना विषयांची नोंदणी होत नाही, किंवा झालेली नोंदणी रद्द होते. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात, पदव्युत्तरला विद्यापीठ ठरवेल तितके, बहुधा ९. सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुमची पूर्णवेळ नोंदणी विद्यापीठाला सेव्हिसमध्ये कळवावी लागते. नोंदणीच नाही म्हटल्यावर कार्यालयाचा नाइलाज होतो आणि सेव्हिसची नोंद बंद पडते. कमी क्रेडिटची परवानगी अभ्यासातली सुरुवातीची अडचण, आजारपण आणि शेवटचे सत्र अशा मोजक्या कारणांना मिळते. पैसे उशिरा आले हे कारण त्यात बसत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करावा लागतो. जुलैमध्येच बिल मागवून मंजुरीसाठी पाठवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पैसे दिसले नाहीत तर खात्याकडून ‘रक्कम मंजूर असून अमुक तारखेपर्यंत जमा होईल’ असे एका ओळीचे पत्र थेट विद्यापीठाच्या बिलिंग कार्यालयाला पाठवायला सांगा. असे पत्र आले की बहुतेक विद्यापीठे होल्ड तात्पुरता उठवतात आणि कधीकधी विलंब शुल्कही माफ करतात. तुमच्या स्वतःच्या ईमेलला तिथे तेवढे वजन नसते. पैसा मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे आपले आर्थिक वर्ष बदलताना, हमखास अडकतो. वसंत सत्राची थकबाकी त्याआधी मिटवा, नाहीतर मेमध्ये पुढच्या सत्राची नोंदणी बंद दिसेल.

शिकताना काम करता येते का?

व्हिसाच्या बाजूने: सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास. जे-१ ला त्यासाठीही आधी लेखी परवानगी लागते. नंतर एफ-१ ला १२ महिने ओपीटी (आपल्या विषयातले काम करण्याची परवानगी) आणि ठरावीक विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिने. जे-१ ला ॲकॅडमिक ट्रेनिंग एकूण १८ महिन्यांपर्यंत (पीएचडीनंतर ३६), पण जितका काळ शिकलात त्याहून जास्त नाही.

शिष्यवृत्तीच्या बाजूने मात्र नियम वेगळे असू शकतात. पदवी मिळताच परत यावे असे बाँडमध्ये असेल तर अमेरिकेने दिलेली ओपीटी हा बाँड मोडण्याचा परवाना ठरत नाही. आधी खात्याची लेखी मुदतवाढ, मग ओपीटीचा अर्ज.

आरोग्य विम्याचे काय?

जे-१ ला आकडे ठरलेले आहेत: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे १,००,००० डॉलरचे संरक्षण, मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्यासाठी २५,०००, रुग्णाला मायदेशी हलवण्यासाठी ५०,०००, आणि स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही. हे जे-२ वरच्या कुटुंबालाही लागू आहे. भारतात घेतलेल्या स्वस्त प्रवास विम्यात पार्थिव आणण्याची आणि रुग्णाला हलवण्याची रक्कम बरेचदा कमी असते. जाणूनबुजून विमा न ठेवल्यास कार्यक्रम संपवला जातो. एफ-१ ला विमा कायद्याने सक्तीचा नाही, विद्यापीठ मात्र तो मागतेच.

मुदत वाढवायची झाल्यास?

आय-२० किंवा डीएस-२०१९ वरची शेवटची तारीख उलटण्याआधी. उलटल्यावर मुदतवाढ मिळत नाही. त्यासाठी मार्गदर्शकाचे शैक्षणिक कारण आणि नवे हमीपत्र दोन्ही लागतात. आपल्याकडे फाइल किती टेबले फिरते ते माहीत असल्याने सहा महिने आधी सुरुवात करा. पत्र वेळेत येणार नसेल तर घरचा पैसा दाखवून मुदतवाढ घ्या आणि पत्र आल्यावर कागदावरची नोंद बदला.

विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीवर) आजवर तारखेऐवजी ‘डी/एस’ असे येत आले आहे, म्हणजे शिक्षण चालू आहे तोवर राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने त्याजागी ठरावीक, जास्तीत जास्त चार वर्षांची मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे प्रत्येक प्रवेशानंतर आय-९४ उतरवून घ्या. त्यावर तारीख छापलेली असेल तर तीच तुमची मुदत.

विषय किंवा विद्यापीठ बदलता येते का?

अमेरिकेच्या नियमात बदली अवघड नाही. सेव्हिसची नोंद जुन्या विद्यापीठातून नव्याकडे सोडली जाते. पण सरकारी मंजुरी बहुतेकदा ठरावीक विद्यापीठाला आणि अभ्यासक्रमाला बांधलेली असते. आधी खात्याची परवानगी आणि नवे पत्र, मगच बदली. उलट क्रमाने गेलात तर नवे विद्यापीठ जुन्या पत्रावर कागद काढत नाही, आणि मधल्या काळात फी कोणी भरायची हा घोळ होतो.

मध्येच शिष्यवृत्ती बंद झाली तर लगेच परत यावे लागते का?

एफ-१ वर नाही. पूर्णवेळ नोंदणी चालू ठेवून दुसरा पैसा दाखवला की आय-२० वरची आर्थिक माहिती बदलून मिळते. जे-१ जरा नाजूक. या प्रकाराचा पायाच मुळी मोठा वाटा घरच्या नव्हे तर बाहेरच्या पैशाचा असणे हा आहे. तो गेल्यावर विद्यापीठाचा पैसा मिळतो का ते आधी पाहा. दोन्ही बाबतीत विद्यापीठाच्या कार्यालयाला त्याच आठवड्यात सांगा. गप्प राहून पुढच्या सत्राची वाट पाहणारेच जास्त अडकतात.

बाँड आणि दोन वर्षांची अट एकच आहेत का?

नाहीत. बाँड हा तुमचा आणि आपल्या सरकारचा करार. तो मोडल्यास वसुली इथे होते, कधी व्याजासह, कधी जामीनदाराकडून. २१२(ई) हा अमेरिकेचा कायदा. बाँडचे सगळे पैसे परत फेडले तरी २१२(ई) सुटत नाही, आणि २१२(ई) माफ झाले तरी बाँड तसाच राहतो. एफ-१ वर गेलेल्याला फक्त बाँड असतो, जे-१ वर गेलेल्याला दोन्ही.

२१२(ई) माफ करून घेता येते का?

येते, पण जे सरकार पैसे देते त्याचीच हरकत नसल्याचे पत्र लागते. भारतीयांमध्ये याला ‘नोरी’ (नो ऑब्लिगेशन टू रिटर्न टू इंडिया) म्हणतात. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचे आणि राज्य सरकारचे ना-हरकत गोळा झाल्यावर भारतीय दूतावास आपले निवेदन थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला पाठवतो, अर्जदाराच्या हातून ते जात नाही. अमेरिकेकडचा अर्ज डीएस-३०३५, फी १२० डॉलर. शिष्यवृत्ती देणाऱ्या खात्याचा हिशेब बाकी असेल तर घोडे इथेच अडते. माफीची दुसरी कारणेही आहेत: अमेरिकन नागरिक जोडीदाराला किंवा मुलाला होणारा असाधारण त्रास, छळाची भीती, किंवा अमेरिकी सरकारी खात्याची शिफारस. फुलब्राइटसारखा अमेरिकी सरकारचा पैसा असेल तर ना-हरकत पत्राने क्वचितच काम होते.

वेळेचे भान ठेवा. परराष्ट्र खात्याने माफीची शिफारस केली की त्यानंतर जे-१ ची मुदतवाढ किंवा बदली मिळत नाही. ॲकॅडमिक ट्रेनिंग घ्यायचे असेल तर त्याची मुदत आधी मिळवा. शिवाय सहा महिन्यांहून जास्त जे-१ वर राहिलेल्याला पुढचे बारा महिने रिसर्च स्कॉलर म्हणून नवा जे-१ मिळत नाही. पोस्टडॉकची ऑफर असलेले इथे अडखळतात, आणि २१२(ई) च्या माफीने हे बंधन उठत नाही.

शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कर लागतो का?

आपल्या सरकारने दिलेला पैसा हा अमेरिकेबाहेरचा स्रोत मानला जातो, त्यामुळे अनिवासी विद्यार्थ्याला त्यावर तिथे कर नाही. अनिवासी विद्यार्थी असल्याचे कळवणारा फॉर्म ८८४३ मात्र दरवर्षी भरायचाच, अमेरिकेत एक डॉलरही कमावला नसला तरी. कमाई नसेल तर मुदत १५ जून. असिस्टंटशिपचा पगार असेल तर १०४०-एनआर या कर विवरणपत्रासोबत १५ एप्रिल.

दोन वर्षे भरली हे सिद्ध कसे करायचे?

पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के हा मुख्य पुरावा. त्यासोबत नोकरीचे पत्र, प्राप्तिकर विवरणपत्रे, भाडेकरार, पगार जमा झालेल्या बँक खात्याचे उतारे. मधे परदेशी गेलात तर ते दिवस वजा होतात, म्हणून तारखांची एक साधी यादी सुरुवातीपासून ठेवा. पासपोर्टचे नूतनीकरण झाल्यावर जुना पासपोर्ट आणि त्यातला जे-१ चा स्टिकर नव्यासोबतच जपून ठेवा, कारण एच-१बी च्या वेळी वकिलातीत दोन्ही दाखवावे लागू शकतात.